ओट्यात चिणलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. अर्ध्या लिटरची, थंड पेयाची. नाक मुरडलेत ना? मुरडा, मला त्याची सवय आहे. माझ्या पोटात सध्या चिप्सची, बिस्किटांची आणि शाम्पूची रिकामी पाकिटे काठीने ठेचून ठेचून भरलेली आहेत. माझे तोंड सिमेंटमध्ये आहे आणि बूड बाहेर. एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या अंगणात सागाच्या झाडाभोवती गोल ओटा बांधला आहे. त्या ओट्याच्या दुसऱ्या थरात मला चिणले आहे. बुडाच्या बाजूने मला अंगण दिसते, झेंड्याचा खांब दिसतो आणि दुसरीच्या वर्गाचे दार दिसते. पाहुणे आले की आमच्यावर बसून फोटो काढतात. एवढा मान फार थोड्या बाटल्यांच्या नशिबी येतो, आणि मला तो नको आहे. का नको, ते सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. बाटलीला कुळ कोण विचारतो? बाजाराच्या दिवशी एका माणसाने मला विकत घेतले, चार घोटांत रिकामे केले आणि चालत्या गाडीतून भिरकावून दिले. मी रस्त्याच्या कडेला पडले. त्या रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक जातात. ट्रकामागे लाल धूळ उठते आणि सापडेल त्यावर बसते, पळसावर, धानाच्या बांध्यांवर, कुंपणावर वाळत घातलेल्या लुगड्यांवर. ती माझ्यावरही बसली. पंधरा दिवसांत माझा रंग विटेसारखा झाला. शेळ्या मला हुंगून पुढे जात. शेळीनेही नाकारलेली वस्तू मी, मित्रांनो.

रस्त्याच्या पलीकडे आरोग्य उपकेंद्र होते. एका सकाळी तिथल्या नर्सबाई, अन्नपूर्णा सिस्टर, जवळजवळ पळतच बाहेर आल्या. कडेला पडलेल्या चार-पाच बाटल्या त्यांनी उचलून पाहिल्या. एक चेपलेली, एक तडकलेली, एकीत मुंग्या. मग त्यांनी मला उचलले, उजेडात धरले आणि आत नेले.

आत बाकावर सोमारी नावाची बाई बसली होती. तिच्या मांडीवर पाच वर्षांची रंजीता होती. त्या पोरीला श्वास घेता येत नव्हता. दर श्वासाला तिच्या बरगड्यांखालचे पोट आत ओढले जात होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सोमारीने तिला पाठीला बांधून सहा किलोमीटर चालत आणले होते. बाप लच्छू दाराशी उभा होता, पोरीची चप्पल हातात घेऊन. आधी त्यांनी तिला गावच्या पुजाऱ्याकडे नेले होते. पुजारी जाणता माणूस. त्याने मंत्र टाकला आणि स्वच्छ सांगितले, "माह्या फुंकीनं भेव जाते. लेकीची सास मोकळी होत नाई. सिस्टरकडे न्या लवकर."

सिस्टरांकडे औषधाचा पंप होता, पण लहान मुलांना तो द्यायला मध्ये एक पोकळ नळा लागतो. नुसता पंप तोंडात मारला तर औषध जिभेवरच बसते, छातीपर्यंत पोचत नाही. तो नळा वरून आलाच नव्हता. म्हणून सिस्टरांनी मला साबणाने खसखसून धुतले, तार तापवली आणि माझ्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले. मला फार दुखले. मी मनात म्हटले, आता तर कामातून गेलेच.

त्यांनी त्या भोकात पंप बसवला आणि माझे तोंड रंजीताच्या ओठांत दिले. एक दाब. औषधाची वाफ माझ्या पोटात भरली. "हळू घे माय. सोड. आता पुना घे." पहिला श्वास आला तो चिरकत, अडखळत, माझ्या काठावर थरथरत. पाचव्या श्वासाला थोडा लांबला. पुन्हा दाब, पुन्हा श्वास. असे बराच वेळ चालले. शेवटी शिट्टी थांबली, पोरीने इकडेतिकडे पाहिले आणि आईला म्हणाली, "मले भूक लागली." तेव्हा लच्छू दाराच्या चौकटीला टेकून रडला. मी रिकामी बाटली, पण त्या दिवशी मला भरून आले.

मग सिस्टरांनी दोघांना बसवून समजावले. "इच्या छातीत बारीक बारीक नळ्या आहेत, बांबूवानी पोकळ. हिले ॲलर्जी आहे. धूर, धूळ, थंडी लागली का त्या नळ्या आतून सुजतात. बांबू बाहेरून तेवढाच दिसते, पण आतून बुजते. हा सर्दी-खोकला नाई, दमा आहे. हा एक पंप रोजचा, सकाळ-संध्याकाळ. हा निळा अडचणीचा. बरं वाटलं म्हून रोजचा बंद करू नका."

सोमारीने भीतभीत विचारले, "पंपाची सवय लागते म्हणते लोकं."

"सास घ्याची सवय तं साऱ्यायलेच आहे, सोमारीबाई. ते सोडाची का?"

सोमारी हसली. मला घेऊन घरी गेली.

मित्रांनो, माझे चांगले दिवस सांगायचे तर तेच. सोमारी मला दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि कुंपणाच्या खुंटीला उलटी टांगून वाळवायची. फडक्याने पुसले तर औषध बाटलीलाच चिकटते, पुसू नका, असे सिस्टरांनी सांगितले होते, म्हणून कोणी मला फडके लावले नाही. सिस्टरांनी माझ्या बुडाजवळ लाल नेलपॉलिशने "रं" असे अक्षर काढून दिले होते. मोह वेचायच्या दिवसांत तर मी मोठे नवल पाहिले. मोहाखाली पडलेला पालापाचोळा पेटवून द्यायचा, म्हणजे जमीन साफ होते आणि पहाटे पडलेली फुले नजरेला दिसतात, अशी तिकडची पिढ्यांची रीत. लच्छूचा बाप तेच करायचा, आजाही तेच. त्या वर्षी लच्छूने पेटवले नाही. झाडाखालचा सगळा पाला त्याने झाडूने लोटला. शेजारी म्हणाले, "काऊन रे लच्छू, माचिस संपली का?" तो म्हणाला, "पोरीले धूर चालत नाई," आणि लोटत राहिला. त्याची पाठ दुखायची, तो कुरकुरायचा, पण काडी त्याने लावली नाही. लच्छूला लिहिता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांना फार चांगले लिहिता येते.

सहाव्या वर्षी रंजीता आश्रमशाळेत गेली. पत्र्याच्या पेटीत दोन फ्रॉक, एक चादर, दोन पंप आणि मी. सोमारीने मुख्याध्यापक गुणवंतरावांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "हो हो, बाई. ध्यानात ठेवतो." शाळेत दोनशे पोरे. त्यांच्या ध्यानात किती मावणार? सोमारीला ते कळले असावे, कारण ती तिथून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चंदाबाईच्या हातात मला दिले. चंदाबाई शाळेत स्वयंपाक करायची. तिने एकदा विचारले, दोनदा करून पाहिले आणि शिकली. मग रोज सकाळी भात चढवायच्या आधी आणि संध्याकाळी भांडी घासून झाली की रंजीता मला घेऊन तिच्याकडे जायची. चंदाबाई श्वास मोजायची आणि मग म्हणायची, "चूळ भर, पळ आता."

दीड वर्ष रंजीताला एकदाही त्रास झाला नाही. पोरीला वाचायचे वेड लागले. पुस्तक तर ती वाचायचीच, पण साबणाचे वेष्टण, तांदळाच्या पोत्यावरची अक्षरे, ट्रकांच्या मागे लिहिलेले, काहीही सोडायची नाही. घरात वाचता येणारी ती पहिलीच. सुट्टीत घरी गेली की लच्छू तिला गावभर फिरवायचा आणि जिथे अक्षर दिसेल तिथे उभे करायचा. त्याला वाटे, ही पोरगी दहावी होईल. मलाही तसेच वाटायचे.

आणि मग, मित्रांनो, आमच्या शाळेला स्वच्छतेचा झटका आला.

पानगळीचे दिवस होते. वरून तपासणीला साहेब येणार होते. शाळा प्लास्टिकमुक्त करून दाखवायचे गुणवंतरावांनी मनावर घेतले. कल्पना वाईट नव्हती. रिकाम्या बाटल्यांत पाकिटे ठेचून भरायची, म्हणजे बाटलीची वीट तयार होते, आणि त्या विटांचा ओटा बांधायचा. पोरांनी रस्त्यावरून, नाल्यातून, बाजारातून बाटल्या आणल्या. मी पेटीत निवांत होते. मला वाटले, ही भानगड कचऱ्याची आहे, आपला काय संबंध? मी कामाची वस्तू. इतका गर्व बरा नव्हता.

नेमकी त्याच आठवड्यात चंदाबाई भाचीच्या लग्नाला राजुऱ्याला गेली होती. गुणवंतराव स्वतः खोलीत आले आणि पोरींच्या पेट्या उघडून पाहू लागले, कोणी बाटली लपवली आहे का. रंजीताच्या पेटीत मी सापडले.

"सर, ते माह्या दवाईची बाटली आहे," रंजीता म्हणाली.

सरांनी मला फिरवून पाहिले. "दवाईची बाटली अशी असते का? हे तं कोल्ड्रिंकची आहे. आन् बुडाले भोक पडलं. फुटकी बाटली पेटीत ठेवून काय करतं वं तू?"

"सिस्टरनं बनवली."

"सिस्टर आता बाटल्या बनवून राह्यली का?" सर हसले. ते हसले म्हणून पोरी हसल्या. गुणवंतराव दुष्ट नाहीत. पोरे आजारी पडली तर ते स्वतः दवाखान्यात नेतात. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ओटा होता. रस्त्याच्या कडेची बाटली औषधाची असू शकते, हे त्यांना खरेच वाटले नाही. सर मला घेऊन गेले.

चौथीच्या पोरी अंगणात बसून बाटल्या भरत होत्या. माझ्या पोटात पहिले पाकीट गेले तेव्हा रंजीता तिथे आली आणि पुन्हा म्हणाली, "हे नका भरू ना. माही आहे." एका मोठ्या पोरीने सांगितले, "सरले विचार." सरांना ती आधीच विचारून बसली होती. पोरींनी काठीने ठेचले. जिथून वाफ जायची, तिथे वेष्टणे कोंबली गेली. गवंडी रामाजीने मला हातात घेतले तेव्हा त्याला भोक दिसले. "सर, याले भोक आहे."

"असू दे. भोक बाहेरच्या बाजूनं ठेव. फुलावानी दिसन."

रामाजीने ठेवले. सिमेंट त्याने चांगले कालवले होते. रामाजीच्या कामात खोट नसते.

पुढचे तीन दिवस रंजीताने पंप नुसताच तोंडात मारून घेतला. औषध जिभेवर बसायचे. ती तोंड वेडेवाकडे करायची. कोणाला काही म्हणाली नाही. एकदा हसू झाले होते, ते तिला पुरले. जेवायच्या सुट्टीत ती ओट्यापाशी येऊन उभी राहायची आणि मी तिला पाहायची. दुसऱ्या दिवशी ती धावताना थांबली. तिसऱ्या दिवशी खोकली. मला कळत होते, तिलाही कळत होते, आणि आम्हा दोघींखेरीज त्या अंगणात कोणाला काही कळत नव्हते.

चौथ्या दिवशी साहेब आले. सकाळपासून पोरांनी अंगण झाडले होते. सागाची मोठमोठी वाळलेली पाने, त्यांचे चार ढीग झाले. ढीग दिसले तर अस्वच्छ दिसेल, म्हणून ते कुंपणाशी पेटवून दिले. धूर अंगणात उतरला आणि तिथेच राहिला. साहेब गाडीतून उतरले. पोरी रांगेत उभ्या राहून स्वागतगीत म्हणू लागल्या. गुणवंतराव साहेबांना सांगत होते, "सर, आज आपल्या शाळेत एकही प्लास्टिकची बाटली नाही." साहेब मान डोलावत होते. आणि मी पाहिले, रांगेतल्या रंजीताचे ओठ हलायचे थांबले.

ती खाली बसली. हात गुडघ्यांवर टेकवले. खांदे वर-खाली होऊ लागले. कोणीतरी म्हणाले, "चक्कर आली, पाणी पाजा." मला ओरडता येत नाही. ओरडता आले असते तरी घशात पाकिटे होती.

तेवढ्यात फाटकातून पिशवी घेऊन चंदाबाई आली. लग्नाहून ती थेट शाळेतच येत होती. तिने पोरीला पाहिले आणि पिशवी तिथेच टाकली. "इची बाटली कुठी आहे? अवं, बाटली आणा इची!"

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने ओट्याकडे बोट दाखवले.

"ओट्यात? ओट्यात कोणं घातली?" चंदाबाईने वाट पाहिली नाही. "दुसरी आणा. कोणतीबी बाटली आणा, लवकर!"

पोरे धावली. स्वयंपाकघर, खोल्या, वर्ग, नळ, सगळीकडे शोधले. सर खरेच सांगत होते, मित्रांनो. साऱ्या शाळेत एकही बाटली नव्हती. तीनशे होत्या, त्या सगळ्या ओट्यात. रंजीताचे ओठ काळसर दिसू लागले होते. तिला बोलता येत नव्हते.

चंदाबाईने अंगणभर नजर फिरवली आणि साहेबांच्या गाडीकडे धावली. मागच्या सीटवर साहेबांची पाण्याची बाटली होती. तिने ती ओतून रिकामी केली, स्वयंपाकघरातला चिमटा आणला, त्याच जळत्या पानांत त्याचे टोक लाल केले आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडले. अन्नपूर्णा सिस्टरांचे भोक गोल होते, हिचे वेडेवाकडे झाले. एका पोरीने पेटीतून निळा पंप आणून दिला होता, तो तिने कडेला पदर गुंडाळून त्यात घट्ट बसवला. "घे माय. सोड. घे. मी आहे ना इथी, घे." एक दाब, पाच श्वास. पुन्हा एक दाब. त्या अनोळखी बाटलीचा मला हेवा वाटला आणि मी तिला मनोमन हात जोडले. बऱ्याच वेळाने रंजीताच्या डोळ्यांत पाणी आले. रडण्याएवढा श्वास तिला मिळाला होता.

साहेबांच्याच गाडीतून तिला एटापल्लीला नेले. गाडी ट्रकांच्या रांगेमागे अडकत अडकत गेली. चंदाबाई वाटभर पंप देत होती. पोरगी वाचली. चार दिवस दवाखान्यात राहिली.

साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला. तो फळ्यावर उतरवला आहे, मी तो रोज पोरांच्या तोंडून ऐकते. शाळेचा ओटा कल्पक आहे, परिसर स्वच्छ आहे, शाळेचे अभिनंदन. रंजीताविषयी त्यात एक अक्षर नाही. चंदाबाईविषयी तर नाहीच.

पाचव्या दिवशी सोमारी आणि लच्छू पोरीला घेऊन शाळेत आले. लच्छू खोलीत जाऊन पेटी घेऊन आला. गुणवंतराव खाली मान घालून उभे होते. "चूक झाली, बाई. आता मी जातीनं ध्यान देतो. तिले नेऊ नका. हुशार आहे पोरगी."

सोमारी शांतपणे बोलली. "बाटली भेटली, सर. अन्नपूर्णाबाईनं दोन बनवून देल्ल्या. पण पोरीनं तुमाले सांगतलं होतं, तवा तुमी हासले. तिचं आयकनारा कोणी नाई, तं मी तिले कोणाच्या भरवशावर ठेवू?"

"चंदाबाई आहे ना."

"चंदाबाईले लग्नाले जाव लागते, सर. सुट्टी लागते तिले. तुमी साऱ्यायनं शिकाले पायजे होतं."

 

रंजीता तेवढ्यात माझ्यापाशी आली होती. "रं" अर्धे सिमेंटखाली गेले होते, अर्धे दिसत होते. तिने भोकात बोट घातले. आतली पाकिटे लागली. "आई, हे माही आहे," ती म्हणाली. सोमारी खाली बसली. तिने मला बोटांनी धरून ओढले. मग दगड घेऊन कडेचे सिमेंट ठोकू लागली. थोडा भुगा पडला. माझ्यात जीव असता तर मी स्वतःला उपटून दिले असते. तिची नखे तुटली, तरी ती ठोकत होती.

मागून गुणवंतराव हळूच म्हणाले, "राहू द्या ना, बाई. ओटा खराब होईन."

सोमारीने दगड खाली ठेवला. उठली, हात पदराला पुसले, पोरीला कडेवर घेतले. सात वर्षांची पोरगी कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती, तरी घेतले. लच्छूने पेटी डोक्यावर ठेवली आणि तिघे फाटकाबाहेर गेले.

मित्रांनो, मला या ओट्यातून काढा असे मी म्हणणार नाही. मला काढून आता काय करायचे? पण तुमच्या वर्गात कोणाला श्वास लागत असेल तर त्याचा पंप कोणता, त्याची बाटली कोणती, ती कशी धरायची, हे एकट्या चंदाबाईवर सोडू नका. सगळ्यांनी शिका. पाच मिनिटांचे काम आहे. पाला पेटवण्याआधी कोण जवळ उभे आहे ते पाहा. आणि कोणी लहान पोर "हे माझे आहे" म्हणाले तर आधी ऐका, मग हसायचे असेल तर हसा.

हजेरीच्या वेळी दुसरीच्या वर्गाच्या नव्या बाई अजून तिचे नाव घेतात. पोरी सांगतात, "ते घरी गेली, बाई." बाई पुढचे नाव घेतात. चंदाबाई परवा रंजीताच्या गावाकडे जाऊन आली. ती सांगत होती, रंजीताचा श्वास छान चालतो, सोमारी रोजचा पंप चुकवत नाही. पोरगी आता शेळ्या राखते. शाळेत परत पाठवा म्हटले, तर लच्छू नुसता खाली पाहतो आणि नाही म्हणतो.